‘डिस्प्ले येत नाही’ म्हणजे बोर्ड उडाला असे नव्हे

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

अभियांत्रिकीचे प्रवेश सुरू झाले की कोल्हापुरात सुटे भाग आणून घरीच पीसी जोडणारी मुले वाढतात. थोडे भाग राजारामपुरी-शाहूपुरीतून, थोडे पुण्या-मुंबईहून, उरलेले ऑनलाइन. रात्री जोडणी होते, बटण दाबले जाते आणि स्क्रीन काळीच राहते. दुसऱ्या दिवशी तो कॅबिनेट दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसून कुठल्यातरी काउंटरवर येतो आणि अर्ध्या मिनिटात निकाल लागतो, ‘बोर्ड उडालाय.’ झाकण न उघडता, मीटर न लावता दिलेल्या या निकालावर विश्वास ठेवू नये, एवढे सांगण्यासाठी हे पत्र. नवा पीसी सुरू होत नसेल तर आधी केबल, रॅम, ग्राफिक्स आणि बायोस (पीसी सुरू करणारा, बोर्डातच साठवलेला प्रोग्राम) यांवर संशय घ्यावा. बोर्डाचा, म्हणजे मदरबोर्डाचा, नंबर शेवटी. तांत्रिक तपशील गाळला तर पत्राचा उपयोग उरणार नाही, म्हणून जागा थोडी जास्त मागतो.

आधी नेमके काय होत नाही ते पाहावे. बटण दाबून काहीच हालचाल नाही, क्षणभर फॅन फिरून सगळे बंद पडते, फॅन फिरत राहतात पण डिस्प्ले नाही, किंवा डिस्प्ले येतो पण विंडोज चढत नाही. हे चार वेगळे आजार आहेत आणि चौघांनाही आपण ‘सुरू होत नाही’ असेच म्हणतो. दुरुस्तीवाल्याला फोन करतानाही यातला कोणता, हे सांगितले तर निम्मे काम होते.

काहीच हालचाल नसेल तर सुरुवात भिंतीपासून करावी. पीसी थेट भिंतीच्या सॉकेटला लावून पाहावा. मधला एक्स्टेंशन बोर्ड आणि यूपीएस दोन्ही काढावेत. एसएमपीएसच्या, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, मागे स्वतःचे एक बटण असते, त्यावर रेघ आणि शून्य असते. रेघेची बाजू दाबलेली हवी. हे सांगायला लाज वाटावी इतके साधे आहे, पण तपासायचे राहते. स्वस्तातल्या किंवा जुन्या एसएमपीएसवर ११५ आणि २३० असा लाल सरकता स्विच असतो. तो आपल्याकडे २३०वरच हवा. ११५वर ठेवून लाईट दिली तर आवाज होऊन एसएमपीएस जातो, मग त्यावर इलाज नाही.

त्यानंतर कॅबिनेटच्या पुढच्या बटणाची बारीक वायर. बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात नऊ पिनांचा जो फ्रंट पॅनल हेडर असतो, त्यात नेहमीच्या मांडणीप्रमाणे ६ आणि ८ क्रमांकाच्या पिना पॉवर स्विचच्या, ५ आणि ७ रीसेटच्या, २ आणि ४ पॉवर एलईडीच्या, १ आणि ३ हार्ड डिस्कच्या दिव्याच्या. स्विचच्या वायरला उलट-सुलट नसते, एलईडीला असते. एक पिन चुकली की बटण निर्जीव. बटणावरच संशय असेल तर ती वायर काढून ६ आणि ८ या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचे टोक क्षणभर टेकवावे. तिथे पाच व्होल्टच्या आतला इशारा असतो, शॉक बसत नाही. पीसी चालू झाला तर दोष कॅबिनेटच्या बटणात आहे. तोवर रीसेटचे बटण पॉवरच्या जागी जोडून काम भागते.

एवढे करूनही हालचाल नसेल तर एसएमपीएस एकटा तपासावा. लाईट बंद करून त्याच्या सगळ्या केबल बोर्डावरून काढाव्यात, एक जुना फॅन किंवा हार्ड डिस्क त्याला जोडावी आणि २४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर शेजारच्या काळ्या वायरला पेपर क्लिपने जोडून मग लाईट द्यावी. हिरवी वायर कनेक्टरच्या खटक्याच्या बाजूच्या ओळीत, एका टोकाकडून चौथी असते. एसएमपीएसचा फॅन फिरला तर तो निदान चालू होतो एवढेच कळते. भार पेलतो की नाही ते कळत नाही. मल्टिमीटर असेल तर पिवळ्या वायरवर ११.४ ते १२.६ व्होल्ट, लालवर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ यांच्या मध्येच आकडा हवा. जांभळ्या वायरवर पीसी बंद असतानाही पाच व्होल्ट असले पाहिजेत. तेच नसतील तर एसएमपीएस गेला हे नक्की. हल्लीच्या अनेक एसएमपीएसमध्ये सगळ्या वायर काळ्या असतात. पिन खात्रीने ओळखता येत नसेल तर हा प्रयोग करू नये, दुकानात टेस्टरवर लावून घ्यावा. आणि एसएमपीएसचे झाकण कुणीही, कधीही उघडू नये. लाईट काढल्यावरही आतल्या कॅपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका दाब शिल्लक असू शकतो.

मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या निघणाऱ्या, एसएमपीएसबाबत एक गोष्ट दुकानदारांनीही ध्यानात घ्यावी. जुन्या एसएमपीएसच्या केबल नव्याला वापरू नयेत, दोन्ही एकाच कंपनीचे असले तरी. बोर्डाकडचे टोक प्रमाणित असते, एसएमपीएसकडच्या टोकाला तसे प्रमाण नाही. प्लग आत बसतो, पण पाच व्होल्टच्या जागी बारा व्होल्ट जाऊन एसएसडी आणि हार्ड डिस्क जळतात.

क्षणभर फिरून बंद पडणारा पीसी बहुधा शॉर्टमुळे तसे करतो. एसएमपीएस स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो आणि लाईट पूर्ण काढून अर्धा मिनिट थांबल्याशिवाय पुन्हा चालूही होत नाही. यात पहिला संशय कॅबिनेटच्या पितळी स्टँडऑफवर, म्हणजे बोर्ड ज्यांवर टेकवून स्क्रू लावतात त्या खुंट्यांवर. मोठ्या एटीएक्स बोर्डासाठी लावलेले स्टँडऑफ तसेच ठेवून त्यावर लहान मायक्रो-एटीएक्स बोर्ड बसवला, तर एखादा स्टँडऑफ बोर्डाच्या भोकाखाली न येता सोल्डरिंगला टेकतो. बोर्डाला जितकी भोके तितकेच आणि तिथेच स्टँडऑफ, बाकीचे काढून टाकावेत. आत पडलेला एखादा स्क्रूही हेच करतो. कॅबिनेट हलवून आवाज ऐकावा. पुढच्या यूएसबी पोर्टची केबलही काढून पाहावी. यूएसबी ३च्या १९ पिनांच्या जाड प्लगने बोर्डावरची पिन वाकते, ती शेजारणीला टेकली की बोर्ड चालूच होत नाही.

दुसरा संशय प्रोसेसरला बारा व्होल्ट देणाऱ्या वेगळ्या केबलवर, तिच्याबद्दल पुढे येतेच. कूलरचा प्रोसेसरशी संपर्क नसेल तर मात्र पीसी काही सेकंद चालून बंद पडतो. कूलरच्या तळाचे पारदर्शक प्लास्टिक सोलायचे राहिले की असेच होते. थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी पुरते. चमच्याने लावल्यासारखी लावली तरी थंडावा वाढत नाही, प्रोसेसर बसतो तो सॉकेट तेवढा घाण होतो.

आता तिसरा प्रकार, म्हणजे फॅन फिरतात, दिवे लुकलुकतात, पण डिस्प्ले नाही. काउंटरवर सर्वात जास्त येणारी तक्रार हीच आणि ‘बोर्ड उडालाय’ हा शेराही हिच्यावरच सर्वात जास्त मारला जातो. म्हणून इथे थोडे सावकाश.

प्रोसेसरला बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात वेगळी आठ पिनांची केबल लागते. ती चार-चारच्या दोन तुकड्यांत असते आणि कूलरच्या आड, हीट सिंकच्या मागे असल्याने नेमकी तीच राहून जाते. ती नसताना अनेक बोर्डांवर २४ पिनांच्या केबलवर फॅन फिरतात, दिवे लागतात, सगळे चालू असल्यासारखे दिसते आणि प्रोसेसर मात्र उपाशी. ग्राफिक्स कार्डाची आठ पिनांची केबल सहा आणि दोन अशा तुकड्यांत असते. ती प्रोसेसरच्या जागी जोर लावून घुसवू नये, दोन्हींच्या पिनांची रचना उलटी आहे. २४ पिनांची केबलही खटका वाजेपर्यंत दाबावी. बोर्ड थोडा वाकतो म्हणून मुले घाबरून अर्ध्यावर सोडतात.

मग मॉनिटरची केबल. ग्राफिक्स कार्ड लावले असेल तर एचडीएमआय केबल कार्डालाच हवी, बोर्डाला नव्हे. कार्ड लावलेले नसेल तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे का ते पाहावे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ आहे, उदाहरणार्थ कोअर आय-५ १२४००एफ, त्यात ग्राफिक्स नाही. एएमडीच्या रायझन ५ ५५०० आणि ५६००मध्ये नाही, ५६००जीमध्ये आहे. ७०००च्या मालिकेत बहुतेकांत कामापुरते आहे, पण ७५००एफमध्ये नाही. बोर्डाला एचडीएमआयचे भोक असते म्हणून ते चालेलच असे नाही; त्या भोकातून चित्र पाठवायचे काम प्रोसेसरचे. दोन-तीन हजार वाचतात म्हणून एफवाला प्रोसेसर घ्यायचा आणि कार्ड पुढच्या महिन्यात घेऊ म्हणायचे, हा हिशेब दर वर्षी नवी मुले करतात. त्यांना तो प्रोसेसर विकताना काउंटरवरून एक वाक्य बोलायला काय हरकत आहे?

कार्डाला स्वतःची पॉवर केबल लागते तेही पाहावे. पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून कमाल ७५ वॅट मिळतात, सहा पिनांच्या केबलमधून आणखी ७५, आठ पिनांच्या केबलमधून १५०. मोठ्या कार्डाच्या सोळा पिनांच्या बारीक प्लगचा खटका शेवटपर्यंत बसला पाहिजे, फट राहिली तर तो तापून वितळू शकतो. घरात पडून असलेले खूप जुने कार्ड तपासणीसाठी लावले तर ते चांगले असूनही डिस्प्ले देत नाही, असेही घडते. त्यात यूईएफआय, म्हणजे सुरू होण्याची नवी पद्धत, नसते आणि नव्या बोर्डावर जुनी पद्धत, म्हणजे सीएसएम, बंद असते. अशा कार्डावरून नव्या बोर्डाचा निकाल लावू नये.

पुढे रॅम. चार स्लॉटच्या बोर्डावर एकच काडी असेल तर ती प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या स्लॉटमध्ये, दोन असतील तर दुसऱ्या आणि चौथ्यात. बोर्डावर ए२ आणि बी२ असे छापलेले असते. पहिल्या दोन स्लॉटमध्ये शेजारी-शेजारी लावल्या तर काही बोर्ड सुरू होत नाहीत, झाले तरी मंद चालतात. हल्लीच्या अनेक स्लॉटना एकाच बाजूला खटका असतो. त्या बाजूचा ‘टक्’ झाला की काडी बसली असे वाटते आणि दुसरे टोक मिलिमीटरभर वर राहते. दोन्ही टोकांवर अंगठ्याने दाबावे. डीडीआर ४ आणि डीडीआर ५ या रॅमच्या दोन पिढ्या; दोन्हींना २८८ संपर्क असतात, फरक खाचेच्या जागेत आहे. इंटेलसाठीचे बी६६० आणि बी७६० हे बोर्ड दोन्ही प्रकारांत मिळतात, तेव्हा खरेदी करतानाच खोक्यावर डी४, म्हणजे डीडीआर ४, आहे की नाही ते वाचावे. काडी आत जात नसेल तर जोर लावायचा नाही, प्रकार तपासायचा.

दोन काड्या असतील तर एक काढून दुसरी, मग पहिली, अशी आळीपाळीने ए२मध्ये लावून पाहावी. सोनेरी संपर्क कोरड्या सुती कापडाने पुसावेत. पेन्सिलचा खोडरबर घासण्याची जुनी सवय सोडलेली बरी. त्याचा चुरा स्लॉटमध्ये बसतो आणि नवाच दोष निर्माण होतो.

डीडीआर ५च्या बाबतीत सर्वात मोठे औषध म्हणजे थांबणे. एएमडीच्या एएम५ सॉकेटच्या बोर्डावर पहिल्यांदा चालू करताना बोर्ड रॅमची चाचणी घेत तिच्याशी वेग जुळवतो. त्या वेळी फॅन फिरतात, स्क्रीन काळी असते, रॅमचा दिवा लागलेला असतो. दोन-तीन मिनिटे सहज लागतात, जास्त रॅम असेल तर दहा-पंधराही. मुले तिसाव्या सेकंदाला बटण दाबून बंद करतात, पुन्हा चालू करतात आणि ते जुळवणे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. बायोस रीसेट केला किंवा काडी बदलली तरी हीच वाट पाहावी लागते. पंधरा मिनिटे घड्याळ लावून थांबावे आणि तोवर कुणाला फोन करू नये.

बहुतेक नव्या बोर्डांवर चार बारीक दिवे असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट. चालू होताना ते एकामागून एक लागून विझतात. जो लागलेलाच राहतो, तिथे गाडी अडली. सीपीयूचा दिवा म्हणजे आठ पिनांची केबल, सॉकेट किंवा बायोस. डीरॅम म्हणजे वर सांगितलेले सगळे. व्हीजीए म्हणजे कार्ड, त्याची पॉवर किंवा एफ. बूटचा दिवा लागून राहिला तर घाबरू नये. कोऱ्या एसएसडीवर विंडोज नसल्याने तो लागतोच. दिवे नसलेल्या स्वस्त बोर्डासाठी पीसी स्पीकर म्हणून एक पन्नास-शंभर रुपयांची शिट्टी मिळते. ती फ्रंट पॅनलजवळच्या चार पिनांवर लावावी आणि किती व कशा शिट्ट्या येतात ते बोर्डाच्या मॅन्युअलशी ताडून पाहावे. हल्ली कॅबिनेटसोबत ती येत नाही. आमच्या मते प्रत्येक बिलासोबत ती फुकट द्यायला हवी.

बायोसचा विषय सर्वात कमी समजलेला आहे. बोर्ड ज्या दिवशी कारखान्यातून निघाला, त्या दिवशी अस्तित्वात असलेलेच प्रोसेसर त्याला माहीत असतात. बी६६० आणि एच६१० हे बोर्ड २०२२च्या सुरुवातीला इंटेलच्या बाराव्या पिढीसाठी आले; तेरावी पिढी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आली, चौदावी २०२३च्या ऑक्टोबरात. सॉकेट तोच, प्रोसेसर अलगद बसतो, पण गोदामात पडून असलेल्या जुन्या बोर्डाला तो ओळखता येत नाही. एएमडीत बी४५०वर रायझन ५०००, आणि बी६५०वर २०२४मध्ये आलेले रायझन ९००० यांची तीच गोष्ट. बोर्ड चांगला, प्रोसेसर चांगला आणि डिस्प्ले नाही. अशा वेळी दोन्ही बदलून घेणारे लोक आहेत.

यावर उपाय बायोस फ्लॅशबॅक. बोर्डाच्या मागे तसे बटण असेल तर प्रोसेसर आणि रॅम नसतानाही बायोस बदलता येतो. २४ आणि ८ पिनांच्या केबल पुरतात. ३२ जीबी किंवा त्याहून लहान पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट करावा, कंपनीच्या संकेतस्थळावरून नेमक्या त्याच मॉडेलची आणि त्याच रिव्हिजनची फाइल घ्यावी, मॅन्युअलमध्ये दिलेलेच नाव तिला द्यावे आणि त्यासाठी ठरवलेल्या यूएसबी पोर्टमध्ये लावून ते बटण साधारण तीन सेकंद दाबावे. दिवा लुकलुकू लागतो, पाच ते आठ मिनिटांत थांबतो. दिवा लगेच थांबला किंवा एकसारखा लागून राहिला तर फाइलचे नाव किंवा पेन ड्राइव्ह चुकला आहे. वर तपासणीसाठी यूपीएस काढायला सांगितला, पण या पाच-आठ मिनिटांसाठी तो हवाच. पावसाळ्यात आपल्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नाही आणि अर्धवट लिहिला गेलेला बायोस म्हणजे खरोखरच बोर्ड गेल्यासारखे. फ्लॅशबॅकचे बटण नसेल तर जुन्या पिढीचा प्रोसेसर तात्पुरता लावून बायोस बदलावा लागतो. ते काम दुकानातच करून घ्यावे.

बायोसमध्ये रॅमचा वेग वाढवणारे एक्सएमपी किंवा एक्सपो चालू केल्यावर डिस्प्ले गेला असेल तर सीमॉस रीसेट करावा, म्हणजे बायोसची सेटिंग मूळ स्थितीत आणावीत. लाईट काढून सीएलआरटीसी किंवा जेबॅट१ असे लिहिलेल्या दोन पिना दहा सेकंद स्क्रूड्रायव्हरने जोडाव्यात, किंवा सीआर२०३२ची गोल बॅटरी पाच मिनिटे काढून ठेवावी.

तरीही डिस्प्ले नसेल तर सगळे बाहेर काढावे. बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवावा. चंदेरी पिशवीवर नको, तिचा बाहेरचा थर वीज वाहून नेऊ शकतो. प्रोसेसर, कूलर, रॅमची एक काडी, दोन पॉवर केबल आणि गरज असेल तर ग्राफिक्स कार्ड, बस्स. एसएसडी, यूएसबी, जादाचे फॅन, रंगीत दिव्यांच्या पट्ट्या काही नाही. इथे डिस्प्ले आला तर दोष कॅबिनेटमध्ये किंवा काढलेल्या भागांत आहे. एकेक भाग लावत गेले की सापडतो. इथेही नाही आला तरच प्रोसेसर काढून सॉकेट पाहावा. टॉर्च तिरपा धरून मोबाइलच्या कॅमेऱ्याने फोटो मोठा करून बघितला की वाकलेली पिन लगेच कळते, तिची चमक ओळीबाहेर पडते. एएमडीच्या आधीच्या एएम४ सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरलाच असतात. तिथे कूलर सरळ वर ओढू नये. पेस्टने चिकटलेला प्रोसेसर लॉक असतानाही सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. पीसी काही मिनिटे चालवून गरम करावा, मग कूलर हलके पिळत सोडवावा. चालूच होत नसेल तर हेअर ड्रायरची ऊब पुरते.

चौथ्या प्रकाराबद्दल थोडक्यात. बायोस दिसतो पण एसएसडी दिसत नाही, तर एम.२ स्लॉट (पट्टीसारखी एसएसडी बसते तो) साटा प्रकारची एसएसडी चालवतो की एनव्हीएमई प्रकारची, ते मॅन्युअलमध्ये पाहावे. काही स्लॉट दोन्हींपैकी एकच चालवतात. एम.२ भरल्यावर काही साटा पोर्ट आपोआप बंद होतात, तेही तिथेच लिहिलेले असते. बायोसमध्ये एसएसडी आहे पण विंडोजच्या इन्स्टॉलमध्ये नाही, असे इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढे होते. बायोसमधले व्हीएमडी (डिस्क हाताळण्याची इंटेलची सोय) बंद करावे किंवा इंटेलचा आरएसटी ड्रायव्हर पेन ड्राइव्हवरून द्यावा. जुन्या पीसीतली एमबीआर या जुन्या विभागणी पद्धतीची डिस्क तशीच लावली तर नव्या बोर्डावर ती बूट होत नाही. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, तेव्हा नव्या पीसीवर ११च टाकावे आणि त्याला लागणारी टीपीएम ही सुरक्षेची सोय, म्हणजे इंटेलचे पीटीटी किंवा एएमडीचे एफटीपीएम, बायोसमध्ये चालू ठेवावी.

आपल्या गावाशी संबंधित दोन गोष्टी. मंगळवार पेठ, शिवाजी पेठ या भागांतल्या जुन्या घरांत तीन पिनांचे सॉकेट असते, पण त्यामागे अर्थिंगची वायर असेलच असे नाही. अर्थिंग नसलेल्या सॉकेटवर पीसी लावला की कॅबिनेटला हात लावताच मुंग्या येतात आणि टेस्टर मंद पेटतो. एसएमपीएसमधल्या फिल्टरमुळे कॅबिनेटवर मेनच्या साधारण निम्मा दाब उमटतो; प्रवाह अगदी थोडा असतो, पण चालू असताना एचडीएमआय किंवा यूएसबी लावली तर तेवढा दाब पोर्ट जाळू शकतो. वायरमनला सांगून फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही मोजून घ्यावे. दोन्ही २३०च्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्टच्या आत हवे. घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो आणि बॅटरीवर त्याची लहर चौकोनी असते. ॲक्टिव्ह पीएफसीचा (वीज घेण्याच्या सुधारित रचनेचा) चांगला एसएमपीएस अशा लहरीवर लाईट जाताक्षणी बंद पडू शकतो. तो दोष पीसीचा नसतो.

दुसरे, पुण्याहून ट्रॅव्हल्सने किंवा पार्सलने आलेला तयार पीसी. महामार्गावरच्या कामांमुळे वाट खडबडीत असते, जड कूलर आणि ग्राफिक्स कार्ड हादऱ्याने सैल होतात. लाईट देण्याआधी बाजूचे झाकण उघडावे, आत भरलेला फोम काढावा, कार्ड आणि रॅम पुन्हा दाबून बसवावी. पावसात भिजत आलेले खोके लगेच उघडून जोडू नये, काही तास घरात कोरडे होऊ द्यावे.

आता दुकानदारांकडे आणि आमच्या दुरुस्ती करणाऱ्या बांधवांकडे मागणे. प्रोसेसर आणि बोर्ड एकत्र विकताना दोन्हींची जोडी कंपनीच्या यादीत पाहावी आणि बोर्डावरचा बायोस कोणत्या आवृत्तीचा आहे ते बिलावर लिहावे. ग्राहकाने मागितले तर प्रोसेसर, कूलर आणि एक काडी लावून खोक्यावरच डिस्प्ले दाखवावा. पंधरा-वीस मिनिटांचे काम आहे, त्याचे शंभर-दोनशे रुपये घ्यायलाही हरकत नाही. सॉकेट ग्राहकासमोर उघडून दाखवावा, कारण वाकलेली पिन वॉरंटीत बसत नाही आणि ती आधी वाकली की नंतर, हे पुढे सिद्ध करता येत नाही. ‘कॅबिनेटसोबत ४५० वॅटचा एसएमपीएस फुकट’ ही विक्री बंद करावी. त्या डब्यावरचा आकडा आणि बारा व्होल्टवर प्रत्यक्ष मिळणारी ताकद यांत मोठी तफावत असते. लेबलवर बारा व्होल्टसमोर लिहिलेले अँपिअर बाराने गुणले की ती दिसते. आणि ‘बोर्ड गेला’ असे सांगताना कोणती तपासणी केली, कोणत्या दुसऱ्या बोर्डावर हाच प्रोसेसर आणि हीच रॅम चालली, ते पावतीवर लिहून द्यावे. ग्राहकांनी ते मागावे. शहरातल्या तंत्रनिकेतनांनी आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांनी प्रयोगशाळेत एक खात्रीचा एसएमपीएस, डीडीआर ४ आणि डीडीआर ५ची एकेक काडी आणि एक साधे ग्राफिक्स कार्ड तपासणीसाठी ठेवले, तर मुलांची निम्मी धावपळ वाचेल.

भाग खरोखर खराब निघाला आणि विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर तक्रार करता येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२०पासून लागू आहे. त्याखाली जिल्हा आयोगाकडे जाता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क लागत नाही. मात्र त्यासाठी कागद हवा. बिलावर बोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएमपीएस यांचे सीरियल नंबर घालून घ्यावेत, खोके उघडताना सलग व्हिडिओ काढावा आणि खोकी वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवावीत. इंटेलच्या आणि एएम५च्या बोर्डाच्या सॉकेटवर येणारे काळे प्लास्टिकचे झाकण प्रोसेसर बसवताना निघून हातात येते. ते कचऱ्यात टाकू नये, बोर्डाच्या खोक्यातच ठेवावे. त्याशिवाय अनेक सर्व्हिस सेंटर बोर्ड ताब्यातच घेत नाहीत.

आपले,
संगणक जोडणी व दुरुस्तीचे काम करणारे काही तंत्रज्ञ,
राजारामपुरी, कोल्हापूर